मी बंद केलेलं बटण

मैत्रिणींनो, झोपायच्या आधी घरभर फिरून सगळी बटणं बंद करायची सवय तुमच्यापैकी कितीजणींना आहे? मला आहे. सासूबाईंची शिकवण. आधी गॅस, मग नळ, मग मागच्या दाराची कडी आणि शेवटी एकेक बटण. वीस वर्षांत एक रात्र चुकली नाही. विजेचं बिल कमी येतं म्हणून मी मिरवतेसुद्धा. ह्याच सवयीपायी गेल्या वर्षी आमच्या घरातलं अकरा हजारांचं यंत्र बंद पडलं, आणि त्याहून वाईट म्हणजे एका भल्या बाईला आम्ही आठ दिवस लबाड ठरवलं. त्या आठ दिवसांतलं माझं वागणं काही मिरवण्यासारखं नाही. तरीही सांगते, कारण असली यंत्रं आता तुमच्याही घरी आली असतील.

आमच्या धाकट्याची दहावीची परीक्षा संपली. त्याला टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र हवं होतं, प्लेस्टेशन ४. नवं घ्यायची आमची ऐपत नाही, हे त्यालाही ठाऊक. पण हे यंत्र नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत निघालं, जानेवारी २०१४ मध्ये आपल्याकडे आलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याची पुढची आवृत्ती भारतात आल्यावर जुनी यंत्रं घराघरांतून विकायला निघाली. त्यातलंच एक मिरजेला आहे असं कळलं. धाकट्यानं दिवाळीचे, वाढदिवसाचे, आजीनं दिलेले असे साडेसहा हजार साठवले होते. उरलेले साडेचार माझ्या ब्लाउजशिलाईतले. ह्यांनी एवढंच म्हटलं, "जुन्यात हात घालताय, बघा बाई." झालं! म्हणजे पुढे काही बिनसलं तर बोल कुणाला, ते तिथंच ठरलं.

सांगलीहून मिरजेला गेलो. ते यंत्र त्या घरच्या मुलाचं. तो पुण्याला हॉस्टेलवर. त्याच्या आईनं टीव्हीला जोडून दाखवलं, धाकटा दहा मिनिटं खेळला, सगळं ठीक. त्या बाईंनी एकच अट घातली. "आमच्या पोराचा खेळ अजून त्यात साठवलेला आहे. तीन वर्षं खेळत होता. मेमध्ये सुट्टीला आला की तुमच्याकडे येऊन उतरवून घेईल. तोवर त्याचं नाव पुसू नका हं." अट मान्य केली म्हणून त्यांनी पाचशे रुपये कमीही केले.

त्या रात्री दहाच्या सुमाराला धाकट्यानं यंत्र घरच्या वायफायला जोडलं. ते बरेच महिने पडून होतं, तेव्हा नवं अपडेट घ्यायला हवं असं त्यानं सांगितलं. धाकट्यानं होकार दिला, टीव्ही बंद केला आणि जाऊन झोपला. अकराला मी फेरीवर. टीव्हीखाली एक बारीक दिवा दिसला. म्हटलं, बघा, पोरानं चालूच ठेवलंय. बोर्डाचं बटण खाली केलं.

सकाळी यंत्र लावलं तर खेळ नाही, चित्र नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजी मजकूर, कंट्रोलर वायरनं जोडा म्हणून. धाकट्यानं पाच-सहा वेळा बंद-चालू केलं. दर वेळी तेच. मग रडवेला होऊन त्यानं मिरजेला फोन लावला, आणि माझ्यासमोर, मी पोळ्या लाटत असताना, त्या बाईंना काय वाटेल ते बोलला. फसवलंत, बिघडलेलं यंत्र गळ्यात मारलंत, पैसे परत द्या. त्या बाई बिचाऱ्या म्हणत होत्या, "अरे बाळा, तू स्वतः खेळून बघितलंस ना?" माझ्या हातातलं लाटणं थांबलं. रात्रीचं बटण मला आठवलं होतं. पण मी गप्प राहिले. मनाची समजूत घातली, की बटण बंद केल्यानं कुठे यंत्र बिघडतं? मिक्सर बिघडतो का? पंखा बिघडतो का?

दुसऱ्या दिवशी धाकटा ते एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला. त्यानं उघडलं, आत पाहिलं, पुन्हा बंद केलं आणि निकाल दिला. मदरबोर्ड गेलाय, साडेपाच हजार. नाहीतर सगळं पुसून बघतो, चाललं तर चाललं. पुसायचं म्हणजे मिरजेच्या मुलाची तीन वर्षं पुसायची. धाकट्याला आता त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. "पुसून टाक, त्यांनी तरी आपल्याशी कुठे नीट केलं?" असं तो म्हणाला, आणि ते मात्र मला लागलं. मी म्हटलं, यंत्र घरी आण.

आता माझ्याविषयी थोडं. माझं शिक्षण बारावी. वीजयंत्रातलं मला कळत नाही. पण शिवणयंत्र मी पुरतं उघडून पुन्हा जोडते. आमच्या शिवणक्लासच्या बाई म्हणायच्या, टाका सुटायला लागला की मशीनला नावं ठेवू नका. आधी दोरा काढून पुन्हा ओवा. मग सुई बदला. मग बॉबिन बघा. मशीनवाल्याकडे सगळ्यात शेवटी जा. मी ठरवलं, इथंही दोऱ्यापासून सुरुवात करायची. दुपारी धाकट्याला शेजारी बसवलं, थोरलीचा लॅपटॉप घेतला आणि पडद्यावरचं इंग्रजी एकेक शब्द लावत वाचायला लागलो.

पडद्यावरचं वाचलं का, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं! आम्ही नाही आणि त्या दुरुस्तीवाल्यानंही नाही.

यंत्रात जसे तारा-स्क्रू असतात, तशी त्याच्या अंगात कामाची पद्धत लिहून ठेवलेली असते. जागं कसं व्हायचं, तबकडी कशी वाचायची, टीव्हीशी कसं बोलायचं. ह्या लिखाणाला फर्मवेअर म्हणतात. अपडेट म्हणजे ती पद्धत सुधारून पुन्हा लिहिणं. हे लिहिणं चालू असताना वीज गेली तर जुनं निम्मं पुसलेलं आणि नवं निम्मंच लिहिलेलं अशी गत होते. कापड चांगलं, मशीन चांगलं, पण ब्लाउजचा कागदी नमुनाच मधोमध फाटला तर काय शिवणार? मिक्सर आणि ह्या यंत्रात फरक आहे तो इथं. मिक्सरला कसली पद्धत लिहून ठेवावी लागत नाही.

असं झालं की यंत्र अगदीच मरत नाही. बनवणाऱ्यांनी एक मागचं दार ठेवलेलं असतं, त्याला सेफ मोड म्हणतात. यंत्र पूर्ण बंद असताना पुढचं बटण दाबून धरायचं. एक बीप लगेच होतो. बोट काढायचं नाही. साधारण सात सेकंदांनी दुसरा बीप झाला की सोडायचं. मग सात ओळींची यादी येते. आमच्या यंत्रानं तर हे दार आपणहून उघडून धरलं होतं आणि आम्ही त्यालाच बिघाड समजत होतो.

अपडेट अपुरं राहिलंय एवढं वाचून झालं आणि धाकटा म्हणाला, "पण ते मध्येच कसं थांबलं? त्या रात्री लाईट तर गेली नव्हती."

मी म्हटलं, "मी बटण बंद केलं होतं. अकराला."

तो काही बोलला नाही. मला वाटलं होतं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. बऱ्याच वेळानं विचारलं, "तुला त्याच दिवशी माहीत होतं?" शंका होती, असं मी सांगितलं. "मग मी फोनवर बोलत होतो तेव्हा?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेकरानं माझ्या डोळ्यांदेखत एका वडील बाईला लबाड म्हटलं, आणि मी पोळी उलटली. शेवटी तो म्हणाला, "त्या काकूंना फोन तू कर." मी म्हटलं, करते. पण आधी हे चालू करू, म्हणजे सांगायला तोंड राहील. (हीसुद्धा पळवाटच, हे आता कळतं.)

आता त्या सात ओळींकडे वळते. तिसरी ओळ अपडेटची. ती निवडली तर फक्त कामाची पद्धत पुन्हा लिहिली जाते, साठवलेलं जागच्या जागी राहतं. पाचवी ओळ आतल्या सामानाची यादी नव्यानं करते, तीही काही पुसत नाही. सहावी आणि सातवी मात्र सगळं धुऊन काढतात. सातवी तर पद्धतसुद्धा मुळापासून नव्यानं लिहिते. घाबरलेला माणूस थेट सातवीवर उडी मारतो. तुम्ही तसं करू नका. आधी तिसरी करून बघा. सातवी कुठे पळून जात नाही.

अपडेटची फाइल कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर फुकट मिळते. तिथूनच घ्यावी, भलत्या ठिकाणची नको. तिथं दोन फायली असतात, आणि गंमत म्हणजे दोघींचं नाव एकच, एका वाड्यातल्या दोन सुमनकाकूंसारखं. छोटी सुमारे अर्ध्या जीबीची, ती तिसऱ्या ओळीसाठी. मोठी जवळजवळ एक जीबीची, ती सातव्या ओळीसाठी किंवा आतली हार्ड डिस्क बदलल्यावर लागते. हार्ड डिस्क बदलून छोटी फाइल देत बसलं तर यंत्र ती घेतच नाही. आणि यंत्रात असलेल्या आवृत्तीपेक्षा जुनी फाइलही ते घेत नाही, त्याला मागं जाता येत नाही.

फाइल पेनड्राइव्हवर नुसती टाकून भागत नाही. पेनड्राइव्हवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत पीएस४ नावाचा फोल्डर करायचा, त्याच्या पोटात अपडेट नावाचा फोल्डर, आणि त्यात फाइल. नाव एका अक्षरानं चुकलं तरी यंत्र फाइलच नाही म्हणून सांगतं. आमची नावं बरोबर होती, तरी तेच आलं. तास गेला. मग थोरलीनं पाहिलं तर ह्यांनी ऑफिसच्या कामासाठी तो पेनड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीनं आखून ठेवलेला. ह्या यंत्राला एफएटी३२ किंवा एक्सएफएटी ह्याच दोन पद्धती वाचता येतात. पुन्हा आखला. बाहेरचा जुना पेनड्राइव्ह असला तर हे आधी बघा, आणि आखताना त्यावरचं सगळं जातं हेही लक्षात असू द्या. ह्यांचा एक अहवाल गेला, त्यावरून जे व्हायचं ते झालं.

पुढची अडचण वायरची. सेफ मोडमध्ये कंट्रोलर बिनवायरीचा चालत नाही, वायर लावूनच मधलं बटण दाबावं लागतं. आम्ही मोबाइलच्या जुन्या चार्जरची वायर लावली. ती तोंडाला नेमकी बसते, पण काही स्वस्त वायरींत फक्त चार्जिंगपुरत्या तारा असतात, निरोप नेणाऱ्या तारा नसतातच. यादी समोर आणि हलायला काही तयार नाही! दुकानदारानं मदरबोर्डावर खापर फोडलं त्यामागं अशीच एखादी वायर असेल का, असं अजूनही माझ्या मनात येतं. शेजारच्या वहिनींकडून त्यांच्या कॅमेऱ्याची वायर आणली. चटकन चाललं.

तिसरी ओळ. पेनड्राइव्हवरून अपडेट. पट्टी सरकायला लागली. आम्ही दोघंही श्वास रोखून बसलो होतो. बरीच पुढे गेली आणि थांबली. एसयू-३०७४६-० असा आकडा आला आणि अपडेट झालं नाही.

ह्या आकड्यानं मला त्या रात्री झोपू दिलं नाही. वाचलं त्यावरून एवढं कळलं, की अपडेट होताना यंत्र आपल्या एकेका भागालाही नवी पद्धत शिकवतं. तबकडी वाचणाऱ्या ड्राइव्हलासुद्धा. एखाद्या भागानं "ओ" दिली नाही, की सगळंच अडतं, आणि हा आकडा बहुधा तेव्हा येतो. सकाळी मी कान लावून ऐकलं. मिरजेला यंत्र लावलं होतं तेव्हा सुरू होताना आतून बारीक घर्र असा आवाज आला होता, हे मला चांगलं आठवत होतं. शिवणयंत्रावर काम करणाऱ्या बाईचा कान असतो तो. आता आवाज नव्हता. तबकडी दिली तर आत ओढूनही घेत नव्हतं. आणि मिरज सोडल्यापासून हे यंत्र उघडलं होतं कुणी? आम्ही नाही.

मागच्या स्क्रूंना साधा स्क्रूड्रायव्हर चालत नाही. चांदणीसारख्या तोंडाचा आणि मध्ये भोक असलेला लागतो. हार्डवेअरच्या दुकानात संच मिळाला. उघडण्याआधी प्लग काढून यंत्र तासभर तसंच ठेवलं, कारण ह्याचा वीज घेणारा डबा आतच असतो. त्या डब्याला आम्ही हात लावला नाही, तुम्हीही लावू नका, आणि मुलांना हे एकट्यानं करू देऊ नका. खालचं झाकण निघालं. आत धूळ म्हणाल तर काथ्याच्या गादीत असते तेवढी! मेकअपच्या नव्या ब्रशनं अलगद काढली. मग टॉर्च धरून पाहिलं, तर ड्राइव्हकडे जाणारी चपटी पट्टी तिच्या खाचेत तिरकी बसलेली. एक कडा आत, एक बाहेर. खाचेची नखाएवढी खिटी उघडीच. सुईत दोरा ओवणाऱ्या हाताला हे काम काय अवघड? पट्टी सरळ बसवली, खिटी पाडली. हा ड्राइव्ह आणि मदरबोर्ड सुरुवातीच्या मॉडेलांत एकमेकांना बांधलेले असतात, दुसऱ्या यंत्राचा ड्राइव्ह त्याच्या पाटीसकट आणून लावला तर चालत नाही. म्हणजे ती पट्टी ओढाताणीत फाटली असती तर प्रकरण महागात पडलं असतं.

आत घड्याळाच्या सेलसारखा एक गोल सेलही असतो, यंत्राची वेळ सांभाळणारा. तो संपला आणि कंपनीशी संपर्कही नसला, तर खेळच चालायचे नाहीत अशी एक खोड ह्या यंत्रात होती. सप्टेंबर २०२१ च्या ९.०० आवृत्तीनं ती काढली. जुनं यंत्र घेणाऱ्यानं आवृत्ती निदान तेवढी तरी करून घ्यावी. पण ते करताना घरातल्या आईला सांगून ठेवावं!

झाकण लावलं, प्लग लावला, बटण दाबलं. घर्र. धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं.

पुन्हा तिसरी ओळ. बाहेर वळवाचं आभाळ भरून आलेलं, आणि आमच्याकडे आभाळ आलं की वीज जाते. इन्व्हर्टर आमच्याकडे नाही. वहिनींकडे आहे. तेव्हा यंत्र, वायर, पेनड्राइव्ह सगळं घेऊन आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि इन्व्हर्टरवरच्या बोर्डाला लावलं. वीसेक मिनिटं लागली असतील. मी बोर्डाशेजारी खुर्ची घेऊन बसले होते, वहिनींच्या नातवालाही फिरकू दिलं नाही. पट्टी शेवटाला पोचली, यंत्र बंद झालं, पुन्हा सुरू झालं. निळा दिवा पांढरा झाला, आणि पडद्यावर मिरजेच्या मुलाचं नाव आलं.

धाकटा उड्या मारेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "फोन."

वहिनींच्या बाल्कनीत उभं राहून मी मिरजेला फोन लावला. मनात वाक्यं जुळवली होती, ती एकही आली नाहीत. "यंत्र चांगलंच होतं. मी बटण बंद केलं. मुलगा बोलला तेव्हा मला माहीत होतं आणि मी गप्प बसले," एवढंच सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "माझ्या मुलालाच मी बोलले हो. म्हटलं, तू काहीतरी बिघडवून ठेवलं असशील. आठ दिवस बोलत नाहीये तो माझ्याशी." मी काय बोलणार? चूक माझी, आणि अबोला त्यांच्या घरी. त्या मुलाचा नंबर घेतला आणि त्यालाही तेच सगळं पुन्हा सांगितलं. हे पहिल्यापेक्षा कठीण गेलं. तो एवढंच म्हणाला, "माझं सेव्ह केलेलं आहे ना?" आहे म्हटल्यावर त्याचा आवाज बदलला.

मे अखेरीला मायलेक दोघं आमच्याकडे आले. मुलानं आपला चार आकडी कोड घातला, सेटिंगमध्ये जाऊन एकेका खेळाचं साठवलेलं पेनड्राइव्हवर उतरवलं. त्याच्याच खात्यावरून ते दुसऱ्या यंत्रात चालतं. काम दहा मिनिटांचं होतं, पण त्याला दोन तास लागले, कारण प्रत्येक खेळ उघडून तो धाकट्याला दाखवत होता, ही तलवार कुठे मिळाली, हा किल्ला कसा घेतला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. बोलणं सुरुवातीला अवघडलेलंच होतं. मग मी त्यांच्या साडीवरच्या ब्लाउजचा गळा कुणी शिवलाय विचारलं, आणि तो इतका वाईट शिवला होता, की दोघींनाही हसू आवरेना. माप तेव्हाच घेतलं.

सगळं उतरवून झाल्यावर त्या मुलानंच सहावी ओळ निवडली. पूर्ण धुवायला बरेच तास लागतात, रात्रभर चालू राहील म्हणाला, त्याचं नाव आता ह्यात राहणार नाही. जाताना त्यानं एकदा यंत्रावरून हात फिरवला.

त्या रात्री अकराला मी फेरीवर निघाले. गॅस, नळ, मागची कडी. टीव्हीच्या बोर्डापाशी आले तर माझ्या शिवणाच्या डब्यातला कॅनव्हासचा तुकडा त्या बटणावर चिकटपट्टीनं पक्का लावलेला, आणि त्यावर खडूनं लिहिलेलं, "आई, हे राहू दे."